हिमालयातला बर्फ आणि आमचा ओटा

माझी झोप उडायला एरवी शेजारणीची शिंकही पुरते, पण त्या हिवाळ्यात थेट हिमालय मिळाला. तिकडे बर्फ फार पडलाय, आता खाली थंडीची लाट उतरणार, असं वर्तमानपत्रात आलं होतं. मागच्या हिवाळ्यात आमच्या चार वर्षांच्या चिमीची छाती भरली होती. तेव्हापासून थंडी म्हटलं की मला धडकी भरे.

कारंजा गावातल्या आमच्या ओट्यावर रोज वर्तमानपत्राचं वाचन चाले. वाचणारे आमचे हे, शाळामास्तर. अशा ओट्यावर किस्से जमवावे लागत नाहीत, केरासारखे साचतात. मी फक्त झाडले नाहीत.

*

ह्यांनी एकदा समजावलं, बर्फ आपल्या मनानं पडत नाही. पार दक्षिण अमेरिकेकडच्या समुद्रावर हवेचा दाब चढतो-उतरतो, तसे वारे फिरतात, वाऱ्यांवर हिमालयातला बर्फ ठरतो आणि बर्फावर आपला पाऊस.

सासूबाईंनी पाखडणं थांबवून सगळं ऐकलं. "सारं तिकडंच ठरते तं आपल्या इथं काय ठरते रे?"

अजून तसं काही आढळलेलं नाही, हे म्हणाले.

*

केनवडचे नारायणबुवा बाजाराला आले की ओट्यावर टेकायचे. मास्तरांनी स्वतः बर्फ पाहिलाय का, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, वाचलाय.

"मंग ठीक. मीबी राजा असाच पाह्यला, रुपयावर."

*

मी काही दिवस मुलींच्या शाळेत शिकवत होते. बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, असं ऐटीत सांगितलं. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात काम करणाऱ्याची एक पोर उठली.

"बाई, मंग सरकी कुठं पडते?"

मी पाढे घ्यायला सुरुवात केली.

*

अखेर बातमी आली : उद्यापासून लाट! मी चिमीला दोन झबली, लोकरी बंडी, कानटोपी आणि वरून माझी शाल चढवली. वर्तमानपत्र मूर्तिजापूरहून दोन दिवस शिळं होऊन येतं, हे मला सासूबाईंनी सांगितलं.

"ते लाट कालच येऊन गेली. मी शेकोटीपाशी बसून पाह्यली."

तरी मी काही उतरवलं नाही. न जाणो, परत फिरली तर?

*

चौथ्या दिवशी चिमीच्या अंगभर लाल पुरळ उठलं. गोवर! तिला उचलून धावतच दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी एकेक कपडा उतरवला, तेव्हा कुठे चिमी सापडली. त्यांनी पाठ पाहिली, छाती ऐकली. घामोळं आहे, ते म्हणाले. पौषात आपण पहिल्यांदाच पाहतोय.

मग चिमीपुढे वाकून विचारलं, "काय वं बाई, थंडी वाजते काय तुले?"

चिमीनं माझ्याकडे बोट केलं.

"आईले विचारा."