काकूंच्या बांगडीतून धरलेला नेम

फी भरून कम्प्युटर क्लासमध्ये जे शिकले त्यातलं बरंचसं विसरले, पण तिथले किस्से न शिकताच पाठ झाले. बोईसरला राऊतकाकांचा क्लास होता. काका हवाई दलातून रिटायर झालेले. शनिवारी शिकवणं संपलं की ते जुन्या लढाऊ विमानांचा गेम लावायचे. ज्याचा हात आधी वर, तो पायलट. मला एकदा तरी त्या खुर्चीत बसायचं होतं, पण हात काही वर जात नव्हता.

गेममध्ये नेम धरायला नुसती फुली होती. काकांना ते सहन होईना. "या विमानात काचेवर उजेडाचं कडं दिसायचं, मधे ठिपका. फुली कुठून आणली यांनी?" त्यांनी काकूंची बांगडी ठेवून पारदर्शक कागदावर गोल काढला, तो स्क्रीनवर चिकटवला आणि मधोमध काकूंची टिकली लावली.

सोमवारी टायपिंगला आलेली एक ताई बराच वेळ बॅकस्पेस दाबत होती. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, हा फुलस्टॉप जातच नाही!"

जवळच्या मुरबे गावचा जयेश गलोलीत पटाईत, त्यामुळे इथेही एक डोळा मिटूनच खेळायचा. काका त्याला सांगून थकले की हे कडं दोन्ही डोळे उघडे ठेवता यावेत म्हणूनच बनवलं होतं. "मागून कोण येतंय ते कोण बघणार? तुझी आई?"

जयेश म्हणाला, "आय मागं हाय म्हटल्यावर आमी नेम नाय धरत, काका. पळतो."

शत्रूच्या विमानाचे पंख कड्याला दोन्हीकडून टेकले की अंतर बरोबर, मगच गोळी, असा काकांचा नियम. एकदा पंख अगदी टेकले आणि लाईट गेली. अंधारात काका शांतपणे म्हणाले, "पायलट सुखरूप आहे. घरी जा."

मग काकांनी क्लास बंद करून पुण्याला मुलाकडे जायचं ठरवलं. शेवटच्या शनिवारी त्यांनी कुणाचा हात बघितलाच नाही, सरळ मला खुर्चीत बसवलं. गेम सुरू होताच नेहमीसारखं एक विमान समोरून आडवं गेलं. सगळे आधी तेच पाडायचे. मी वळून त्याच्या मागे लागले. पंख कड्याला टेकले.

"दाब गं, दाब!" जयेश माझी खुर्ची हलवत होता.

मी दाबलं नाही. विमान कड्यात मावेनासं झालं, तरी नाही.

काका वाकून हळूच म्हणाले, "घाबरलीस का, बाळा?"

"नाही काका. त्याच्या पंखांवर आपल्या विमानाचीच खूण आहे. दर शनिवारी आपण आपलंच विमान पाडतोय."