मोहरीचं औषध

“लिम्फोमा आहे,” डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. या ग्रंथी रोगाशी लढायला असतात, आणि माझ्या नेमक्या त्याच फितूर झाल्या होत्या. मला रडू आलं नाही, किळस आली. मानेवरची ती गाठ मी रोज बोटांनी चाचपायची. टीबीची समजून गोळ्या गिळत होते, आणि ती माझंच खाऊन माजत होती. घरी येऊन मी साबणानं बोटं धुतली. परत धुतली.

मी अमरावतीला राजापेठेतल्या एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवते. अमेरिका हा माझा हातखंडा विषय. यादवी युद्ध, महामंदी, दोन महायुद्धं, व्हिएतनाम. फळ्यावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे तोटे, उजवीकडे फायदे. उजवी बाजू नेहमी जास्त भरायची. बाया कारखान्यात कामाला लागल्या, मंदीमुळे म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झाली, लढून आलेले सरकारी खर्चानं कॉलेजात शिकले, पेनिसिलिन पिंपानं बनायला लागलं. खाली वाक्य, “संकटं समाज घडवतात.” पोरं घोकायची आणि मार्क घ्यायची.

उपचार अकोल्याला घ्यायचं ठरलं, कारण जुन्या शहरात आई असते आणि मी एकटी राहणारी. केमोथेरपी एकटीनं होत नाही. केमोथेरपी म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशी मारणारी औषधं शिरेतून सोडणं. आपलं-परकं ती बघत नाही. कॅन्सर मारते, सोबत केसही मारते, तोंडाची चवही मारते.

पण खरा छळ वासाचा. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. फोडणीचा वास, टूथपेस्टचा वास, कूलरच्या ओल्या गवताचा वास, आईच्या पदराचा वास, सगळ्यानं पोटात ढवळायचं. तुंबलेल्या मोर्णा नदीवरून वारा आला तर बोलूच नका. आणि सगळ्यात घाण वास माझा स्वतःचा, घामातून येणारा, औषधाचा. अंघोळ केली तरी तो जात नव्हता. बादली माझ्या उशाशी आणि आई बादलीशी, असं आमचं घर झालं.

त्यात भेटायला येणारे. आमच्या क्लासचे संचालक अमरावतीहून पेढे घेऊन आले. पेढे! “मॅडम, आजार माणसाला घडवतो,” ते म्हणाले. “पॉझिटिव्ह बघा ना. वजन किती छान उतरलं तुमचं!” माझं डोकंच सणकलं. हा माणूस माझ्याच फळ्याची उजवी बाजू मला वाचून दाखवत होता. मी बादलीकडे तोंड केलं, तेव्हा कुठं ते उठले.

तिसऱ्या केमोच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं, ही सायक्लोफॉस्फमाइडची बाटली नेमकी कशाची? त्यांचे डोळे चमकले. “मॅडम, हे तर तुमच्या विषयातलं! मस्टर्ड गॅस, म्हणजे युद्धात सोडायचे त्या कातडी जाळणाऱ्या विषारी वायूच्या घराण्यातलं औषध आहे. पहिल्या महायुद्धात हा गॅस लागून मेलेल्यांची तपासणी केली, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपलेल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत यावर गुप्त संशोधन चाललं, तेव्हा कुणाला तरी सुचलं, ज्या रोगात या पेशी माजतात त्याला हे देऊन बघू. अगदी सुरुवातीचा पेशंट तुमच्याच जातीच्या रोगाचा होता.” ते कौतुकानं सांगत होते आणि थेंब माझ्या हातात उतरत होता.

घरी मोबाइलवर पुढचं वाचलं. अमेरिकेनं आपल्याच सैनिकांना बंद खोल्यांत उभं करून हा गॅस सोडून पाहिला होता. काळ्या सैनिकांची कातडी वेगळी भाजते का, तेही पाहिलं. वर दम दिला, बोलाल तर याद राखा. यातलं एक अक्षर माझ्या नोट्समध्ये नव्हतं. मला इतकी शिसारी आली, की त्या वेळी उलटीसुद्धा झाली नाही.

डॉक्टरांचं बोलणं कानावर पडलेल्या आईनं विचारलं, “मस्टर म्हंजे काय वं?”

मी म्हटलं, मोहरी. त्या गॅसला तसा वास यायचा म्हणून ते नाव पडलं, त्यात मोहरी नसते. पण आईनं पाहिजे तेवढंच ऐकलं. “पाय बरं!” ती म्हणाली. “मी तुई ल्हानपणापासून मीठ-मोहरीनं दृष्ट काढून राहिली. डाक्टरायले आता समजलं!”

मग घरात मोहरीचं राज्य आलं. वरणात मोहरी, भातावर मोहरी. एका दुपारी माझा डोळा लागलेला पाहून तिनं वाटलेल्या मोहरीचा लेप माझ्या मानेवर थापला. मी जागी झाले ती आगीनं. कातडी लालभडक झाली होती, फोड उठायच्या बेतात होते. मी मान नळाखाली धरली आणि ओरडले, “मले ना तुई मोहरी पायजे, ना अमेरिकेची! माणसं जाळायचं औषध मी अंगात नाई घेत. बस झालं.”

पुढच्या केमोच्या दिवशी मी खरंच उठले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई मोरीत बादली धुऊ लागली. मग तिथूनच तिचा आवाज आला.

“तुले काय वाटते, हे धुताना मले मोगऱ्याचा वास येते? किळसच येते. ल्हानपणी तुयं गू-मूत काढलं, तवाबी येत होती. किळस आली म्हून हात काढून घेतला असता, तं तू असती काय? अन् लेपाचं म्हंशीन तं चुकलं मायं. तू नको चुकू.”

ती हात पुसत आली आणि माझी चप्पल पलंगापाशी ठेवली. मी चप्पल घातली.

डॉक्टरांना मी सगळं बोलून दाखवलं. “मॅडम, गॅसनं मेलेले परत येणार नाहीत,” ते म्हणाले. “तुम्ही औषध सोडलं, तर फक्त त्यांच्यात तुमची भर पडेल. आणि उलट्यांचं तुम्ही मला आधीच सांगायला हवं होतं, त्यावर गोळ्या बदलता येतात.” सांगितलंच नव्हतं मी. तुमच्यावर ही वेळ आली तर किळस गिळून बसू नका, डॉक्टरांना सांगा. आणि कुणी काहीही लेप देवो, औषध चुकवू नका.

मी सगळ्या केमो घेतल्या. शेवटच्या स्कॅननंतर डॉक्टर म्हणाले, “रेमिशन.” म्हणजे रोग आता दिसत नाही. मुळापासून गेला, असं ते म्हणत नाहीत, आणि मीही म्हणत नाही.

राजापेठेत परत शिकवायला लागले. अमेरिकेचा धडा आला, फळ्यावर रेघ मारली, डावी बाजू भरली. उजवीकडे “फायदे” लिहायला हातच होईना. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, इकडं हेडिंग काय देऊ?” मी म्हटलं, “मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी.” वर्ग हसला. मी हसले नाही. त्याच लोण्यावर मी त्यांच्यापुढे उभी होते.

मागच्या आठवड्यात तपासणीसाठी अकोल्याला गेले. निघताना आईनं मला पाटावर बसवलं, मुठीत मीठ-मोहरी घेतली आणि माझ्यावरून उतरवली. मी म्हटलं, “आई, त्यायचीबी काढ.”

“कोनाची?”

“ज्यायच्या अंगावर हे पयले टाकलं, त्या सैनिकायची.”

“नावं काय त्यायचे?”

“ठाऊक नाई वं. सांगू नका म्हून दटावलं होतं त्यायले.”

आई मूठ तशीच धरून उभी राहिली. “मंग बस तूच त्यायच्या जागी,” ती म्हणाली. आणि परत माझ्यावरूनच मूठ उतरवून तिनं ती तापलेल्या तव्यावर टाकली. मोहरी तडतडली, धूर नाकातोंडात गेला. मी खोकत राहिले, पण पाटावरून उठले नाही.