मांडवीच्या पाटीचा फिका लाल

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आठ दिवस सांगत होते, नळीत दोष नाही, गॅसमध्ये भेसळ आहे. पण चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण? आता तुम्ही ऐका. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझी शोभा मीच सांगितलेली बरी.

तेव्हा बडोद्यात रोज नवं दुकान उघडायचं आणि प्रत्येकाला चमकणारी पाटी हवी असायची. मकरपुऱ्यात आमच्या शेडमध्ये निऑनच्या नळ्या हाताने बनायच्या. रतिकाका आगीवर काच वाकवून अक्षरं करायचे. मी पंपाने नळीतली हवा ओढून गॅस भरायची. लाल हवं तर निऑन. निळं हवं तर आरगॉन आणि पाऱ्याचा थेंब. बारीक नळीला दाब जास्त, जाड नळीला कमी. हे सगळं मला काकांनीच शिकवलं.

शेडची एक रीत होती. नळी बिघडली की ज्याची चूक त्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर. चूक सुधारेपर्यंत पुसायचं नाही.

काम आलं मांडवीतल्या साडीच्या दुकानाचं. अक्षरं लाल, कडा निळी. लाल पेटलं ते पाणी घातलेल्या सरबतासारखं. निळं तर त्याहून मेलेलं. शेडचे मालक, आमचे शेठ म्हणाले, "काकांचा हात थरथरतो. सांधा गळत असेल." फळ्यावर काकांचं नाव चढलं. शनिवारपर्यंत पाटी उजळली नाही तर काकांनी घरी बसायचं, असंही ठरलं.

"हवा शिरली असती तर जांभळं दिसलं असतं," मी म्हटलं. "गॅसच खोटा आहे."

"बेन, दोन्ही गॅस एकदम खोटे?" शेठ हसले.

"म्हणजे देणारा दुप्पट लबाड."

मी दाब वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, निऑनमध्ये थोडा आरगॉन मिसळून पाहिला. फिकं ते फिकंच. काका म्हणाले, "शकु, रहेवा दे. हात थकले असतील माझे."

मला राग आला की रडू येत नाही, मी चालायला लागते. शनिवारी सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला, गॅसवाल्या प्रवीणभाईंच्या दारात उभी राहिले. अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं विचारलं, "दूधवाला पाणी घालतो. तुम्ही काय घालता?"

बिचारा चहा अर्धा टाकून आला माझ्याबरोबर. सील केलेल्या गॅसच्या दोन बाटल्या घेऊन. शेडमधले सगळे गोळा झाले. पहिली बाटली फोडली, नळी भरली. फिकी.

"बघितलंत?" मी म्हटलं. "सीलबंद भेसळ."

दुसरी फोडली. फिकी. माझा आवाज आता पत्र्याला लागला होता.

प्रवीणभाई पंपाकडे वळले. नळीत गॅस सोडायची मोठी काचेची तोटी त्यांनी उपसली, बोट फिरवलं, वास घेतला.

"शकुबेन, आ शुं लगाड्युं छे? काय लावलंय हे? देवळासारखा वास येतोय."

कापूर होता तो.

आता काय लपवू? तोटीला लावायचं खास ग्रीस संपलं होतं. तोटी अडत होती. थंडीचे दिवस, सिमेंटवर उभं राहून टाचा फुटलेल्या, म्हणून पिशवीत भेगांचं कापराचं मलम. बोटभर लावलं. तोटी अशी गुळगुळीत फिरली की मला माझंच कौतुक वाटलं. आणि दोन्ही गॅस त्याच तोटीतून जातात. आठ दिवस प्रत्येक नळीत मलमाची वाफ मीच भरत होते, आणि भेसळ भेसळ म्हणून ओरडतही मीच होते.

शेठनी ग्रीस मागवलं. काकांनी तोटी धुतली, पंप दुपारपर्यंत चालवला. संध्याकाळी लाल पेटलं, निखाऱ्यासारखं. काकांनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"टाचा तरी बऱ्या झाल्या का?"

मी पदराने फळ्यावरचं त्यांचं नाव पुसलं आणि खडू उचलला.

"मोठ्या अक्षरात, बेन," मागून शेठ म्हणाले. "हरणीतून वाचता आलं पाहिजे."

लिहिलं मोठ्या अक्षरात. शकुंतला मोरे.