कुंकवाचा चेंडू

चार गोल्फवाले एका लिंबाखाली बसले की खेळ बाजूला राहतो आणि किस्से सुरू होतात. आमच्या जालन्याच्या छावणीतल्या मैदानावर गवताची काडी नव्हती. भोकाभोवती तेल पाजलेली वाळू, बाकी सगळा मुरूम. किस्से मात्र बिनपाण्याचे उगवायचे! त्यातले निम्मे चेंडूचे, कारण महायुद्धामुळे नवा चेंडू औषधालाही मिळत नव्हता. दुसऱ्याच्या खिशात कोरा चेंडू दिसला की माझा तो दिवस वाईट जायचा.

*

आमचे मुन्सिफसाहेब हैदराबादचे. नव्या चेंडूवर त्यांचा बिलकुल भरवसा नव्हता. "जो एक बार गुम के वापस आया, वोइच वफादार!" म्हणून नवा चेंडू आला की तो आधी मुद्दाम बाभळींत मारायचा आणि मग शोधून आणायचा.

एरवी त्यांचा चेंडू समोरच्या दगडापलीकडे जात नसे. एकदा सिकंदराबादहून खास मागवलेला चेंडू त्यांनी असाच मारला. तो बाभळी ओलांडून, नाला ओलांडून नजरेआड झाला. आम्ही टाळ्या वाजवतोय आणि साहेब रडवेले!

"जिंदगी का सबसे अच्छा शॉट," ते म्हणाले, "और बेवफा पे खर्च हुआ!"

*

डॉक्टरांचा विश्वास गरम चेंडूवर. ऊब दिली की चेंडू लांब जातो म्हणे. म्हणून खेळायच्या दिवशी सकाळपासून काखेत एक चेंडू दाबून ते रोगी तपासायचे.

एकदा औरंगाबादचे सुभेदारसाहेब, सगळ्या सुभ्याचे हाकीम, मैदानावर आले. डॉक्टरांनी लवून आदाब केला. हात वर गेला, चेंडू खाली आला आणि घरंगळत साहेबांच्या बुटाशी थांबला. साहेबांनी उचलला, दचकले.

"डॉक्टर, ये तो गरम है!"

"हुजूर," डॉक्टर म्हणाले, "बिलकुल ताजा है!"

*

आता टेंभुर्णीचे देशमुख. धोतर, फेटा आणि हातात गोल्फची काठी. दसऱ्याचा करंडक दरसाल त्यांचा आणि दुसरा नंबर दरसाल माझा. दुसरा येणारा किती जळतो, हे पहिल्याला कधी कळत नाही.

एका दाव्याच्या कामानं त्यांच्या घरी गेल्तो. बघतो तर देशमुखीणबाई ओसरीवर सुपात चेंडू पाखडत बसलेल्या!

"हलकं हाय ते पुढं येतंय, भारी मागं राहतंय," वहिनी म्हणाल्या. "दाण्याचं तसंच चेंडूचं."

मागं राहिलेला चेंडू त्यांनी उचलला, त्याला कुंकवाचा टिळा लावला आणि देशमुखांच्या हातावर ठेवला. वाटलं, हा माणूस काठीनं जिंकतच नाही, सुपानं जिंकतो!

*

घरी आलो ते सूप घेऊनच. बायकोला सगळं सांगितलं. वर म्हणालो, "वहिनींचा टिळा तरी काय गोल, काय सुबक!"

बायकोनं माझ्या हातातलं सूप हिसकावलं. मग तिनं चेंडू असे काही पाखडले की एक उडून दह्याच्या गाडग्यात पडला. तोच तिनं कसाबसा पुसला, ओल्यावरच टिळा फासला आणि माझ्यापुढं आदळला.

"हा न्या. पुढं गेला न्हाई, मागं राह्यला न्हाई. तुमच्यावानीच हाय!"

*

त्या दसऱ्याला शेवटच्या भोकापर्यंत मी आणि देशमुख बराबरीत. एवढं भोक जिंकलं की करंडक माझा! बायका लिंबाखाली चिवडा खात बसलेल्या.

भोक टेकाडापलीकडं. दोघांनीही खालून अंदाजानं मारलं. धावत वर गेलो तर एक चेंडू भोकात आणि एक हातभर बाहेर! पण कोणाचा कोणता? त्या साली गावात चेंडूंची एकच पेटी आल्ती. छाप तोच, नंबर तोच, आणि दोन्हींवर कुंकू!

मुन्सिफसाहेब पंच होते. त्यांनी दोन्ही चेंडू हातात घेतले. भोकातल्या चेंडूवरचा टिळा वेडावाकडा, एका बाजूला ओघळलेला. बाहेरच्यावरचा गोल, सुबक.

"टीका जिसने लगाया, वोइच पहचानेगी," साहेबांनी निकाल दिला आणि दोघींना बोलावलं.

वहिनींनी भोकातला चेंडू पाहिला आणि नाक मुरडलं. "हा माझ्या हातचा न्हाई बाई. असा फेंगडा टिळा मी लावत न्हाई. तो बाहेरचा माझा."

देशमुखांचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात करंडक कपाटावर ठेवला, बैठकीत शिरताच दिसेल असा!

"अब आप," साहेब माझ्या बायकोला म्हणाले.

तिनं भोकातला चेंडू बघितला. वहिनींकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मंग हा फेंगडा काय मी लावला?" ती म्हणाली. "तो गोल माझा!"