हेस्टरच्या शेकोटीतली राख

'काळा एडका' या आमच्या गावच्या पबमधली शेकोटी हेस्टरच्या आजेसासऱ्यांनी पेटवलेली. ती कधी विझली नव्हती. हेस्टर लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हातात आधी राखेचं फावडं दिलं. निजण्यापूर्वी निखाऱ्यांवर दलदलीतून कापलेल्या, सरपणासारख्या जळणाऱ्या मातीची वाळकी ढेपळं रचायची, वर राख लोटायची. सकाळी राख सारली की खाली लाल. आग विझली की पबचं दार कायमचं बंद, असं त्या घरात म्हणत. चर्चमध्येही हेस्टर मागच्या बाकावर बसे आणि शेवटची प्रार्थना अर्धी टाकून आगीकडे पळे. देव तिला समजून घेत असावा.

तिचा नवरा सायलस रविवारी गेला. तेव्हापासून ती वरच्या खोलीत त्याच्या उशाशी होती. आज त्याला पुरून आम्ही मागच्या दाराने पबमध्ये परतलो. सँडविचची परात ठेवताना मी पाहिलं, शेकोटीत नुसती राख. हात घातला. गार.

"एझ्रा, तू इथेच होतास ना?" लोहाराने विचारलं.

"काल दिवसभर समोरच बसलो होतो," म्हातारा मेंढपाळ एझ्रा म्हणाला. "बारीक होत गेली."

"मग एक ढेपूळ टाकवलं नाही?"

"दुसऱ्याच्या आगीला हात लावू? न विचारता? आणि दुखवट्याच्या घरात विचारू कुणाला?"

"रीत सांगतोय! एरवी माझा पेला न विचारता रिकामा करतोस."

कुणी हसलं नाही. एझ्राचं चुकलं असंही म्हणवेना. आमच्यापैकी कुणीच हात लावला नसता.

हेस्टर डोक्यावरची टोपीही न काढता बसली होती. मी म्हटलं, "अगं, नव्या वर्षाला इथलेच निखारे नेले होते मी. माझ्या चुलीत आहे तुझी आग. बादलीत घालून आणते."

"नको."

"मग... दार?" एझ्राने हळूच विचारलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पब उघडायची वेळ झाली होती. उठली. सायलसची पाइपची काड्यापेटी फळीवर होती, तीच घेतली. जुन्या वर्तमानपत्राचा बोळा शेकोटीत ठेवून काडी ओढली, जशी कुणीही कुठेही ओढतं. मग जाऊन पुढच्या दाराचा अडसर काढला.

"एझ्रा, ढेपळं आण," ती म्हणाली. "आणि टाक. विचारत बसू नकोस."

मला प्रार्थना म्हणायची होती, ती राहू दिली. मी सँडविच वाढले.