सुंदराबाईंना जे दिसलं

फोन आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नीचा होता. मी रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी चित्रं कापत बसले होते. "सुंदराबाई गेल्या," त्या म्हणाल्या, आणि खरं सांगते, दुःखाच्या आधी मला हायसं वाटलं. आता मंडळीत कुणी म्हणणार नाही, 'प्रार्थनेले सुंदराबाईले बलवा'... याला सहा आठवडे झाले. तेव्हापासून मी स्वतःचीच नजर चुकवते आहे.

सुंदराबाई मूळच्या फुलसावंगीच्या. इथं पुसदला एका वसतिगृहात पोळ्या करायच्या आणि चर्चच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, आवारातल्या एका खोलीत राहायच्या. बाप्तिस्मा घेतला तोच चाळिशीनंतर, अक्षरओळख नाही. मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती, शाळेत शिक्षिका, मंडळीच्या स्त्रीसंघाची सचिव. वचनं मला तोंडपाठ. तरी कुणाच्या घरी आजारपण आलं, सुनेशी बिनसलं, की बाया माझा बाक ओलांडून त्यांच्याशेजारी जाऊन बसायच्या. मी आतून जळायचे.

एकदा मी मुलांना जन्मांध माणसाची गोष्ट सांगत होते. येशू त्याच्या डोळ्यांना चिखल लावतो, तो धुऊन येतो आणि त्याला दिसू लागतं. सुंदराबाई मागे चटईवर बसून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "मॅडम, पोराले दिसाले लागलं, तं मायबाप खुश काहून नाही झाले?" वीस वर्षं मी ती गोष्ट शिकवत होते. आईबाप तिथं आहेत, लोकांच्या भीतीनं 'त्यालाच विचारा' म्हणून अंग काढून घेतात, हे मी वाचलं होतं. पण त्यांच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. "ते धड्यात नाही," मी म्हणाले.

मग एस्तेरचं झालं. माझी एकुलती एक मुलगी. तिला नर्सिंगला घातलं होतं आणि ते मी साऱ्या मंडळीला सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी ती गणवेश घालून, डबा घेऊन निघायची. तिचं जेवण कमी झालं होतं, गाणं तर बंदच. अभ्यासाचा ताण, असं मी म्हणायचे. एक दिवस शाळा लवकर सुटली. बसस्टँडवरून येत होते, तर बाकावर एस्तेर, शेजारी सुंदराबाई. दोघी एकाच डब्यातून खात होत्या. परीक्षेत नापास होऊन पोरीनं दोन महिन्यांपूर्वीच कॉलेज सोडलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी सुंदराबाईंना विचारलं.

"पंधरा दिवस झाले. उपासनेत पोरगी गाण्याचं पुस्तक उघडून नुसती पाहून राह्यली होती. मंग दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागं मागं आली."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तिनं सांगाचं होतं तुमाले. मी रोज म्हणतो, चाल, मी संगं येतो."

मुलगी धडधाकट समोर बसली होती. आभार मानायचे सोडून मी म्हणाले, "माझ्या घरी पुन्हा येऊ नका." माझ्या पोरीनं आपलं दुखणं मला सोडून हिला सांगावं... "बरं मॅडम," सुंदराबाई म्हणाल्या. त्या खरंच कधी आल्या नाहीत. बारा वर्षं.

एस्तेर पुढं शिवणकाम शिकली. आज अमरावतीला तिचं दुकान आहे, सुखात आहे. दफनाला ती आली आणि कबरीपाशी अशी रडली, की माझ्या मनात आलं, माझ्यासाठी ही एवढी रडेल का? मेलेल्या बाईचाही हेवा!

संध्याकाळी आम्ही दोघी सुंदराबाईंची खोली आवरायला गेलो. लुगड्यांच्या घड्या घालता घालता मी बोलून गेले, "मला त्यांचा फार हेवा वाटायचा, एस्तेर." वाटलं, केवढं गुपित सांगितलं.

"सुंदरामावशीले माहीत होतं, आई."

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"तू त्यांना घरी येऊ नका म्हणालीस ना, दुसऱ्याच दिवशी मी इथं आलते. तेव्हा म्हणाल्या, 'तुह्या मायच्या मनात माह्याबद्दल काय आहे ते मले समजते. पण मले समजते हे तिले कळू देजो नको. देवळात माह्याकडं पाहाले तिले लाज वाटंन.'"

मी खाटेवर बसले. आणि तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्यांदा रडले... त्यातलंही थोडं स्वतःसाठीच होतं.

ती खोली अजून कुणाला दिलेली नाही. सचिव म्हणून किल्ली माझ्याकडं असते. रविवारी उपासना झाली की मी कुलूप उघडून थोडा वेळ आत बसते. हेवा अजून गेलेला नाही. पण तिथं तो लपवावा लागत नाही.