वरच्या मजल्यावरची नगरपालिका

कर चुकवणारी माणसं जगात पोत्यानं आहेत, पण कर भरायला मिळत नाही म्हणून झुरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते बहरीनमधल्या नईम वस्तीतल्या आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे, म्हणून आम्ही सगळे त्यांना वरचे काका म्हणायचो. मूळचे चिपळूणकडचे. बहरीनला येण्याआधी ते नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते आणि आता मीना सलमान बंदरावर एका गोदामात स्टोअरकीपर. मी वसईची, नईमजवळच्या हॉस्पिटलात नर्स. माझा नवरा हॉटेलात रिसेप्शनवर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पैशासाठी आम्ही सगळ्यांनीच देश सोडला होता, तसा काकांनीही सोडला होता, पण त्यांनी नाका काही सोडला नव्हता.

आल्या आल्या कोपऱ्यावरच्या मलबारी किराणावाल्याकडून त्यांनी साखर घेतली आणि विचारलं, "इसमें टॅक्स कितना?" तो म्हणाला, "मफी टॅक्स, काका. इधर कुछ टॅक्स नहीं." आमच्यासारख्यांना हे ऐकून आनंद झाला असता. काका मात्र चोरीचा माल घरी आणल्यासारखे आले आणि त्यांनी दोन दिवस चहा बिनसाखरेचा प्यायला. तांदळावर कर नाही, तुपावर नाही आणि तरी रस्त्यावर दिवे लागतात, रोज सकाळी कचरा उचलला जातो, हे त्यांच्या डोक्यात बसेना. "हे चालतं तरी कशावर?" ते विचारायचे. तेलावर, असं आम्ही सांगितलं की उसळून म्हणायचे, "तेल त्यांचं आहे हो! माझं त्यात काय आहे?"

शेवटी त्यांनी स्वतःच कर बसवला. दर शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी सगळे सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, किराणा घेऊन परतायचे तेव्हा, काका जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसत. पिशवी उघडायची, काका आत डोकावणार आणि काही फिल्स, म्हणजे तिथली चिल्लर, दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायला लावणार. दर त्यांनी मोठ्या न्यायबुद्धीनं ठरवले होते. तांदूळ, डाळ, बाळाचं दूध यांना माफी. तूप, बदाम, चॉकलेट यांना जबर कर. बिस्किटांवर दोन शुक्रवार खल झाला आणि चहात बुडवायचं बिस्किट हे अन्न, क्रीमचं बिस्किट ही चैन, असा निकाल लागला. नारळाला अर्थातच माफी होती. त्यावर साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर खवळला. "नारळ माफ आणि आमच्या शेंगदाण्याला कर? ह्यो कुठला न्याय, काका?" काकांनी आठवडाभर विचार केला आणि पुढच्या शुक्रवारी शेंगदाणे भर जिन्यात करमुक्त जाहीर केले.

स्वतःलाही सूट नव्हती. आपली पिशवी घेऊन आले की ते खुर्चीसमोर उभे राहत, "काय आणलंत?" असं खुर्चीच्या वतीनं विचारत आणि मग "तूप आहे," असं पडेल आवाजात कबूल करत. माझ्या नवऱ्यानं एकदा तुपाचा डबा कांद्यांखाली दडवला, तर काका नुसता वास घेऊन म्हणाले, "सिस्टर, तुमच्या साहेबांचे कांदे फार साजूक दिसतात." हसायचो आम्ही त्यांना, पण त्या डब्यातल्या पैशांमुळे जिन्यातला दिवा कधी विझला नाही, गच्चीवरची टाकी साफ राहिली, डासांची फवारणी वेळेवर झाली. आसपासच्या इमारतींत लोक अंधारात ठेचकाळत होते आणि आम्ही उजेडात कुरकुरत होतो.

आणि मग गल्ली खणली गेली. कुठलीशी गटाराची पाइपलाइन टाकायची होती. कंत्राटदाराची माणसं आमच्या दारासमोर छातीइतका खोल चर खणून निघून गेली ती परत येईनात. जायला यायला एक हलती फळी टाकलेली होती. मला नववा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण होतं. दुसऱ्यांच्या बाळंतपणात मी शंभरदा उभी राहिले असेन, पण त्या फळीकडे पाहिलं की मी दारातूनच मागे फिरायचे. कळा सुरू झाल्या तर मी पलीकडे जाणार कशी, या एका भीतीनं माझी झोप उडाली होती. नवऱ्याला काही सुचेना. काका म्हणाले, "चला सिस्टर, बलदियात जाऊ." बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका.

फळीवरून मला दोघांनी कसंबसं पलीकडे नेलं आणि आम्ही तिथे गेलो. टेबलामागे पांढऱ्या झग्यातला एक वयस्कर अधिकारी होता. हिंदी बऱ्यापैकी बोलत होता. काका उभे राहिले, घसा खाकरला आणि तक्रारीऐवजी म्हणाले, "साब, पहले हमसे टॅक्स लो." अधिकाऱ्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "कौन सा टॅक्स?" "कोई भी. चावल पर लो, चीनी पर लो. टॅक्स दिये बिना मैं कंप्लेंट किस मुंह से करूं?"

त्यानं काकांकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आमच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाला, "तुम उधर रहता है ना? बस. खलास. दो दिन, इंशाल्ला." काकांचा पेला हातातच राहिला. इतकी वर्षं नाक्यावर बसलेल्या माणसाला, नुसतं राहणं पुरतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पण इंशाल्लावर माझं बाळंतपण सोडायला ते तयार नव्हते. त्याच संध्याकाळी त्यांनी तुपावरचा कर दुप्पट केला आणि डबा रिकामा करून मीना सलमानहून जुन्या लाकडी फळ्या आणवल्या. ड्रायव्हरनं आणि माझ्या नवऱ्यानं त्या ठोकून कठड्यासकट पूल बांधला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ऐन वसुलीच्या वेळी माझ्या कळा सुरू झाल्या. "आज नाका बंद!" असं ओरडून काका उठले आणि पुलावरून माझ्यापुढे उलटे चालत मला घेऊन गेले. "माझ्याकडे बघा, सिस्टर, खाली नाही. यल्ला, यल्ला." मुलगी झाली. मी परत आले तेव्हा चरावर बलदियानं जाड लोखंडी पत्रा टाकलेला होता, सांगितल्या दिवशी. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "न घेता देतात हो. याची फेड करायची कशी?"

पुढे ऐंशीच्या दशकात काकांची नोकरी संपली. माझी मुलगी तोवर शाळेत जाऊ लागली होती आणि त्यांच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देत होती. चिपळूणला परत निघायच्या आदल्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून बलदियात गेले. आपण उद्यापासून नईममध्ये राहणार नाही, हे कळवायला. तो म्हातारा अधिकारी निवृत्त झाला होता आणि खिडकीवरच्या पोराला हा माणूस काय सांगतोय ते उमजेना. त्यानं हात हलवून काकांना वाटेला लावलं. परत येऊन काका माझ्या दारात उभे राहिले. हसत होते, पण डोळे भरलेले होते.

"नाव कुठं लिहिलेलंच नाही, तर खोडणार काय?" ते म्हणाले. "पण राहत होतो, सिस्टर. एवढं कुणाला तरी सांगून जायला हवं ना?"

मी म्हटलं, "मला सांगितलंत ना, काका. बस." आणि मग मीच रडायला लागले.